पट्टा आवळून बांधावा

माझी बायको गेली तेव्हा तिच्यापासून लपवलेली एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती. कर्जतला भिसेगावच्या दोन खोल्यांत आम्ही बत्तीस वर्षं काढली. माझ्या पोटात काय दुखतं, कुठल्या भावाशी मी का बोलत नाही, सगळं तिला ठाऊक होतं. हे मात्र मी तिला बोललो नाही. तिलाच नाही म्हटल्यावर बाकी कुणाला सांगणार? आज तुम्हाला सांगतोय, ते का, हेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही त्याला ओळखत नव्हता — काशिनाथला — म्हणून कदाचित.

आधी माझं काम सांगतो. चौक आणि खालापूरच्या मधे, जुन्या हायवेला लागून, रबरी नळ्या बनवायची एक फॅक्टरी होती. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. सकाळी कर्जतहून एस्टीने जायचं, स्टोअरची खिडकी उघडायची, स्क्रूपासून साबणापर्यंत जे मागतील ते द्यायचं. कामगार मला ‘भाऊ’ म्हणायचे. मला ते आवडायचं. पण मला ‘साहेब’ म्हणावं, असंही कुठेतरी वाटायचं — हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

फॅक्टरीत सगळ्यात जुनं मशीन म्हणजे मिल. दोन लोखंडी रोल, माणसाच्या कमरेएवढे जाड, एकमेकांच्या दिशेने फिरणारे. त्यांच्या फटीत कच्चं रबर घालायचं, ते गरम होऊन खाली आलं की सुरीने कापायचं, उचलून पुन्हा वरून घालायचं. दिवसभर. हाताने. डोक्यावर एक दोरी होती, ती ओढली की मशीन थांबायचं. पण लगेच नाही. रोल अजून थोडे फिरायचे आणि मग थांबायचे. किती थोडे? एवढंच, की आम्ही सगळे तिथून जाताना हात आपोआप मागे घ्यायचो. मीसुद्धा.

काशिनाथ त्या मिलवर होता. चौकच्या पलीकडच्या एका गावचा, घरची थोडी भातशेती, माझ्याच वयाचा. बोलताना आधी हसायचा. त्याच्या तळहातावर गरम रबराने भाजल्याचे डाग होते, एकावर एक.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी सरकारी इन्स्पेक्टर आले, त्यांनी मिलवाल्यांचे हात पाहिले आणि मॅनेजरसाहेबांना सुनावलं. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, हातमोजे निवडा, सॅम्पल मागवा, आता ही जबाबदारी तुमची. मला केवढा आनंद झाला होता! पहिल्यांदा कुणीतरी मला काही निवडायला सांगत होतं.

तीन प्रकारचे हातमोजे आले. मी ते खिडकीच्या फळीवर मांडले आणि काशिनाथला बोलावलं. त्याच्याबरोबर चारपाच जण आले. एक जोड होता कोपरापर्यंतचा, जाड कातडी, मनगटाशी पट्टा आणि बकल. दिसायला राजबिंडा. एक नुसता कापडी. आणि एक आखूड, सैल, कातड्याचाच. काशिनाथने तो आखूड घातला, हात जोरात झटकला — हातमोजा उडून माझ्या टेबलाखाली गेला. सगळे हसले. तो म्हणाला, “हा चांगला हाय, भाऊ.”

मी म्हणालो, जो हातात राहत नाही तो चांगला?

“म्हनून तर चांगला. रोलानं धरला तर ग्लोज जाईल, हात ऱ्हाईल. खरं इचाराल तर रोलापाशी ग्लोजच नको. पन देताच हाव तर ह्यो द्या.”

पुन्हा हसले सगळे. माझ्यावर हसले का? नाही. आज मला पक्कं कळतं की ते माझ्यावर हसलेच नव्हते. पण त्या वेळी माझे कान तापले. निवड मी करणार होतो, आणि हा माणूस माझ्याच फळीपाशी उभा राहून निवड करून मोकळा झाला होता.

त्याचं म्हणणं मला कळलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. कळलं होतं. पहिल्याच वाक्याला कळलं होतं.

मी पट्ट्याचे मागवले.

ते आले, वाटले, मिलवाल्यांनी घातले. मॅनेजरसाहेब बघून खूश झाले. नंतर काही दिवस मी मिलच्या बाजूने जाताना उगाच रेंगाळायचो. पिवळे, लांब, सारखे हातमोजे रोलच्या वर खाली होताना दिसायचे आणि मला वाटायचं, हे माझं काम. पण आणखीही काही दिसायचं. बोटांची टोकं काळी पडत होती. एकाच्या अंगठ्याजवळची शिवण उसवली होती, ओढल्यासारखी. कशाने उसवली असेल? मी विचारलं नाही. तो आपणहून खिडकीशी आला, जोड बदलून घेऊन गेला. मी जुना जोड कपाटाच्या मागे टाकला.

महिनाभराने काशिनाथ आला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, एकटाच. त्याच्या हातात एक हातमोजा होता — म्हणजे एके काळी हातमोजा असलेलं काहीतरी. पापडासारखा चपटा. बकल कातड्यात रुतून बसलेलं. त्या दिवशी तो हसला नाही.

“भाऊ, पट्टा बांधला नवता म्हनून वाचलो. बांधला असता तर…” तो हातमोजा फळीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

त्या क्षणी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. सगळे हातमोजे त्याच दिवशी परत घ्यायचे. साहेबांकडे जायचं, माझी निवड चुकली म्हणायचं. तीन शब्द. पण इन्स्पेक्टर पुन्हा यायचे होते, साहेबांनी माझं कौतुक सगळ्यांदेखत केलं होतं, आणि — काय काय सांगू? मी त्याला म्हणालो, “पट्टा बांधत नाहीस म्हणूनच सैल होऊन आत जातो तो. तुमची सवय वाईट आहे.”

तो म्हणाला, “आसं हाय का?”

खरोखर विचारत होता तो मला. शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे असेलही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. संध्याकाळच्या आत एक सूचना लिहिली, चांगल्या अक्षरात, आणि मिलजवळच्या फळ्यावर लावली: मिलवर काम करताना हातमोजे घालणे व मनगटाचा पट्टा आवळून बांधणे सक्तीचे आहे. खाली माझी सही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन चौघांची मनगटं तपासली. काशिनाथचं बकल पहिल्या भोकात होतं. मी म्हणालो, दुसऱ्यात घाल. त्याने घातलं.

त्यानंतर तेरा दिवस काही झालं नाही. चौदाव्या दिवशी मी खिळे मोजत होतो. मिलचा एक ठरावीक आवाज असतो, तो दिवसभर कानात असल्यामुळे ऐकू येत नाही. तो बदलला तेव्हा ऐकू आला. मग दोरी ओढल्याचा झटका, आणि मग रोल तेवढे थोडे फिरून थांबल्याचा आवाज. त्यानंतर माणसाचा.

प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडेच असायची. ती घेऊन मी धावलो. काशिनाथला सोडवण्यासाठी बाकीच्यांनी रोल उलटे फिरवले होते. हाताबद्दल मी लिहिणार नाही. मनगटाबद्दल लिहितो. बकल लागलेलं होतं. दुसऱ्या भोकात.

एका ट्रकमधून त्याला मुंबईला नेलं. त्याचा उजवा हात कोपराखालून काढावा लागला.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये घेऊन एकच विचारलं, “लेखी काय काय आहे?” त्यांनी मला खोटं करायला सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहितो. मी म्हणालो, “मी बघतो.” आणि मी बघितलं. फळ्यावरची माझी सूचना काढली. खणात ठेवलेला तो चपटा हातमोजा वर्तमानपत्रात गुंडाळून बॉयलरमध्ये टाकला. नवी सूचना लिहिली: हातमोजे फक्त गरम माल उचलताना वापरावेत, रोलजवळ घालण्यास सक्त मनाई आहे. त्यावर दीड महिन्यापूर्वीची, हातमोजे वाटले त्या दिवसाची तारीख घातली. कागद नवा दिसत होता, म्हणून चहात भिजवलेला हात फिरवला त्यावर. एवढी अक्कल मला त्या दिवशी सुचली. हातमोजे निवडताना नाही सुचली.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. अजून नाही.

दोनअडीच महिन्यांनी चौकशी झाली. साहेबांच्या केबिनमध्ये इन्स्पेक्टर बसले होते, मी भिंतीशी उभा. काशिनाथ आला. बाही खाली सोडून तिला गाठ मारली होती. इन्स्पेक्टरनी चांगल्या शब्दांत विचारलं, मनाई असताना हातमोजा घातला कसा? तो गोंधळला. म्हणाला, “मनाई नवती, साहेब. पट्टाबी बांधाया लावला व्हता. ह्या भाऊंनी. इचारा ना त्यांना.”

आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्याला खात्री होती की मी हो म्हणेन. ती खात्री मला आजही दिसते.

मी म्हणालो, “नाही. मी असं कधी सांगितलं नाही.”

आवाज कापला नाही माझा. शांतपणे, जरा वाईट वाटल्यासारखं म्हणालो. काशिनाथने बाहीची गाठ चाचपली. तो ओरडला असता, त्याने मला शिवी दिली असती — बाहेर मिलवाले उभे होते, त्यांच्यातला एक जरी आत आला असता! कुणी आलं नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना नोकऱ्या होत्या. काशिनाथ म्हणाला, “मंग माझ्याच ध्येनात नसंल. तवापासनं डोकं ठिकानावर नाय माझं.”

त्याने माझ्या खोट्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त.

त्याला गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं. ते मीच साहेबांना सुचवलं होतं आणि त्याचं पुण्य मनात जमाही करून टाकलं. मला बढती मिळाली, सुरक्षेचं सगळं काम माझ्याकडे आलं. मग दर वर्षी सुरक्षा सप्ताहात शेडमध्ये सभा व्हायची. मी बोलायचो, आणि माझं झालं की काशिनाथला पुढे बोलवायचो. तो बाही वर करायचा. आणि सगळ्यांना सांगायचा — “नियम लिवलेला व्हता. मी पाळला नाय. माजी चूक झाली. तुमी आसं करू नका, रं पोरांनो.”

टाळ्या वाजायच्या. मी त्याच्या शेजारी उभा असायचो. आठ वर्षं. पहिल्या वर्षी मला खाली बघावं लागलं. तिसऱ्या वर्षापासून मी समोर बघू शकलो. पाचव्या वर्षी तो एक वाक्य विसरला, तर मी त्याला हळूच आठवण करून दिली.

हे मी केलं. माणसाला त्याची न केलेली चूक पाठ करून घेतली.

तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा फॅक्टरीत निरोप आला. दहाव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. ओटीवर चटई टाकून मला बसवलं. वहिनींनी — त्याच्या बायकोने — चहा दिला. म्हणाल्या, “तुमचं नाव काडायचे सारखे. मनायचे, भाऊ नसते तर हात गेल्यावर आमाला कोनी दारात उबं केलं नसतं.” मी चहा प्यालो. आता सांगावं, असं त्या वेळी मनात आलं. खरंच आलं. समोर दुसरं कुणी नव्हतं, साहेब निवृत्त झाले होते, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. भीतीचं कारणसुद्धा उरलं नव्हतं माझ्याकडे.

तेवढ्यात त्यांनी आतून सुनेला हाक मारली. “ये गं, भाऊंच्या पाया पड.” वीसबावीस वर्षांची मुलगी, पदर सावरत आली. खोपोलीकडच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर नुकतीच लागली होती. वहिनी म्हणाल्या, “हिला जरा सांगा भाऊ. हिचे सासरे कुनाचं ऐकत नवते, म्हनून हात गेला त्यांचा. तुमी सांगितलं तर ऐकंल ती.”

ती मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी कप खाली ठेवला आणि तिला म्हणालो, “वरचे सांगतात तसं करावं. आपलं डोकं चालवू नये.”

ती म्हणाली, “व्हय, काका.” आणि वाकून माझ्या पाया पडली.