गोलामागची भाभी

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून जाळी शिवली. फुटबॉलच्या गोलाची जाळी. एक टोक अंगणातल्या बिहीच्या, म्हणजे पेरूच्या झाडाला बांधलं होतं, दुसरं माझ्या हातात. ती मध्ये स्टुलावर बसून भोकं शोधत होती.

"ताणून धरा. हात काहून लोंबून राहिला?"

"दुखते."

"गोलात उभे राहत होते तेव्हा नाही दुखला."

"तेव्हा तू मागं बसत होती."

"अन् आता समोर आहे म्हणून दुखते काय?"

मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी क्लबाच्या पन्नासाव्या वर्षाचा सामना होता आणि त्यासाठी क्लबानं नवीन, पांढरी जाळी आणली होती. मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तरी शिवत होती. मी म्हणालो, कशाला डोळे फोडते, ही कोणी लावणार नाही. ती म्हणाली, "भोक आहे म्हणून शिवून राहिली. उद्या त्यांची लागू द्या. परवा आपली लावा."

ही माझी बायको. पण आमच्या कांचघर मोहल्ल्यात तिला कोणी माझी बायको म्हणून ओळखत नव्हतं. ती क्लबाची भाभी होती. हिंदीवाले, बंगाली, मद्रासी, आपली मराठी पोरं, सगळ्यांची भाभी. पहिल्या पोरांची पोरं खेळायला आली, त्यांनीही चाची म्हटलं नाही, भाभीच म्हटलं. मैदानावर तर मीसुद्धा भाभीच म्हणायचो. नावानं हाक मारली की पोरं हसायची.

आणि या भाभीनं एक पहिला सोडला तर जन्मात सामना पाहिला नाही. प्रत्येक सामन्याला आली. आमच्या गोलाच्या मागं स्टूल टाकून बसली, पण मैदानाकडे पाठ करून. समोर कारखान्याची भिंत. ती भिंत पाहत बसायची.

ते असं झालं. कारखान्याचा भोंगा वाजला की आम्ही पंधरा-वीस पोरं त्या मैदानावर खेळायचो. त्याचाच पुढे क्लब झाला. मी गोलकीपर, कारण मला पळता येत नव्हतं. नवीन लग्न झालेलं, म्हणून पहिल्या मोठ्या सामन्याला मी हिला घेऊन गेलो. शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या कॅप्टननं ती मारली आणि बॉल दांड्यावरून सरळ नाल्यात गेला. हरलो. कॅप्टन पाणी प्यायला आला, हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, आप देख रही थीं ना, इसीलिए चूक गए. अगली बार उधर मुँह करके बैठना." सगळे हसले. हीसुद्धा हसली. पुढच्या सामन्याला ही खरोखर तिकडे तोंड करून बसली आणि आम्ही जिंकलो. झालं. त्या दिवसापासून तो नियम. पेनल्टी हुकली कॅप्टनची, पाठ फिरली हिची.

मी मैदानाकडे तोंड करून, ती भिंतीकडे. पाठीला पाठ, मध्ये जाळी. आख्खा सामना आम्ही असं बोलत राहायचो.

"आता काय होऊन राहिलं?"

"बॉल तिकडे आहे."

"मग तुम्ही काय करून राहिले?"

"उभा आहो."

"उभ्याउभ्या शर्ट खोसा. मागून दिसते."

तिकडे गोल झाला की पोरांच्या ओरडण्यावरून तिला कळायचं. ती एकच विचारायची, "कोणी मारला?" मी नाव सांगायचो. ती त्याच्या नावाचा गूळ-शेंगदाण्याचा लाडू डब्यात बाजूला काढून ठेवायची. आमच्यावर गोल झाला तर काही विचारायची नाही. बॉल जाळीला लागून तिच्या पाठीवरच यायचा. जाळीखालून काढून मागं टाकायची. हाफटाइमला बाजू बदलली की स्टूल डोक्यावर घेऊन आख्खं मैदान ओलांडायची, नाकासमोर पाहत. तेवढं मैदान तिनं पाहिलं, रिकामं.

जाळी तिनंच आणली. पहिली दोन-तीन वर्षं जाळी नव्हती, नुसत्या लाकडाच्या बल्ल्या रोवलेल्या. गोल झाला की नाही यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. आम्ही भेडाघाटला फिरायला गेलो होतो. लोक धबधबा पाहत होते, ही एका केवटाच्या बायकोजवळ बसून मासोळीची जाळी पाहत होती. संध्याकाळपर्यंत तिच्याकडून गाठ शिकली आणि एक जुनी जाळी मागून आणली. आमच्या घरात मासोळी शिजत नाही. माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "एक मासोळी चालत नाही अन् हिनं आख्खं जाळं आणलं." आठ-दहा वेळा सोड्यानं धुतली, तरी वास गेला नाही. पुढच्या सामन्यात अर्ध्या वेळानंतर समोरच्यांचा गोलकीपर त्या बाजूला आला आणि नाकाला रुमाल बांधून उभा राहिला. दांड्यावर कावळे बसले होते. रुमालवाल्यानं दोन गोल खाल्ले. आमच्या क्लबाला शहरात "मछलीवाले" नाव पडलं ते तेव्हा. आता क्लबाच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की हे नाव नर्मदामाईवरून ठेवलं. कोण्या विद्वानानं लिहिलं माहीत नाही.

पुढे तो दोरा सडत गेला. तिनं सुतळीनं गाठी मारल्या, मग नायलॉननं. त्या पहिल्या जाळीचा एक धागा आज शिल्लक नसेल. सगळी तिचीच आहे.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. लोक म्हणायचे, भाभी, क्लब की सब औलादें आप ही की हैं. बोलायला काही लागत नाही. मागच्या पावसाळ्यात तिला ताप होता, तेव्हा एक औलाद आली नाही. मी हे बोललो तर मलाच म्हणाली, "त्यांना त्यांचे कामं नाहीत काय. तुम्हाला कडू बोलायची सवयच आहे." आहे. तिची गोड बोलायची सवय कोणाच्या कामी आली ते मी पाहिलं.

पन्नासाव्या वर्षाचं ठरलं तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा क्लबाकडे काही मागितलं. कॅप्टन आता क्लबाचा अध्यक्ष आहे. निमंत्रण द्यायला तो घरी आला. चहा पिऊन झाल्यावर ही म्हणाली, "भैया, इस बार मैं मैच देखूँगी."

कॅप्टन हसला. "अरे भाभी, पचास साल नहीं देखा, अब काहे रिस्क लेना?"

ही हसली नाही. "देखूँगी," म्हणाली.

"अच्छा चलो, आपके लिए शामियाने में कुर्सी रखवा देंगे. लेडीज़ में."

"कुर्सी नहीं चाहिए. अपनी जगह ही बैठूँगी. बस मुँह इधर करके."

तो गेल्यावर मला म्हणाली, "बॉल जाळीत जातो तेव्हा जाळी कशी होते, तेवढं पाहायचं आहे. मागून नुसता धक्का लागते."

शनिवारी जाळी शिवून झाली. तिनं घडी करून ओसरीत ठेवली, पिवळं लुगडं काढून खुंटीवर लावलं, रविवारसाठी. रात्री वरणभात खाल्ला. रविवारी पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत तिला काय त्रास झाला.

ते पिवळं लुगडंच नेसवलं. दुपारी नर्मदेवर ग्वारीघाटाला नेलं. क्लबातली बरीच आली, खोटं कशाला बोलू. कॅप्टन क्लबाचा ब्लेझर घालून आला होता. तिथूनच मैदानावर जायचं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, मैच टालना मुश्किल है. चीफ गेस्ट निकल चुके हैं. दो मिनट का मौन रखेंगे." मग आजूबाजूच्या लोकांना सांगू लागला, "भाभी हमारे लिए लकी थीं. पचास साल में एक मैच नहीं देखा."

मी म्हणालो, "तेरी पेनल्टी नाले में गई थी, इसलिए नहीं देखा."

दादाचं डोकं ठिकाणावर नाही, असं तो कोणाला तरी हळूच म्हणाला. ठिकाणावरच होतं. चिता पेटलेली होती आणि तो घड्याळ पाहत होता.

संध्याकाळी घरी बसलो होतो, त्याचा फोन आला. मागं बँड वाजत होता. "दादा, जीत गए. भाभी जाते-जाते भी जिता गईं." मी फोन ठेवून दिला. त्याला वाटलं तो माझं दुःख हलकं करून राहिला. त्याला अजूनही वाटते की ती पाहायला आली नाही म्हणून ते जिंकले.

सोमवारी सकाळी उठलो. शेजारीण म्हणाली, काका, सुतकात बाहेर पडू नका. पडलो. सायकलच्या कॅरिअरला जाळी बांधली, हँडलला स्टूल अडकवलं, घरातला जुना बॉल पिशवीत घेतला. मैदानावर कोणी नव्हतं. कागदी कप आणि झेंडूच्या माळा पडल्या होत्या. नवीन जाळी सोडवली, नीट घडी केली. कोणाची वस्तू मी फेकत नाही. मग आपली लावली. एका हातानं ताणून दुसऱ्यानं बांधायला वेळ लागला.

गोलाच्या मागं तिच्या जागेवर स्टूल ठेवलं. स्टुलाला पाठ नसते, तोंड नसते. बसणाऱ्याला पाहिजे तिकडे त्यानं पाहावं.

पेनल्टीच्या जागेवर बॉल ठेवला. जन्मभर मी गोल अडवले, एकही मारला नाही. गुडघा वाकत नव्हता. तसाच चार पावलं मागं गेलो आणि आलो आणि मारला. बॉल हळूहळू गेला, उसळलासुद्धा नाही. जाळी मागं गेली, पोट भरल्यासारखी फुगली आणि परत जागेवर आली. एक गाठ सुटली नाही.

"भाभी, गोल झाला," मी म्हणालो.

ती विचारायची तेवढा वेळ थांबलो. मग सांगितलं, "मी मारला."