क्लेम ट्रँटरची टेकडी

कर्ल्यू बेमध्ये वाळूवर सगळ्यात जास्त जीव कोणाचा, असं विचारलं तर शेंबडं पोरही क्लेम ट्रँटरचं नाव सांगायचं. किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकडीवर गवत लावायचं, कुंपण घालायचं, वारा सुटला की फांद्या पसरून वाळू अडवायची, हे सगळं तो जन्मभर फुकट करत आला. शेजारीण म्हणून या प्रेमाचा प्रसाद मलाही मिळालाय. एकदा मी चपला हातात घेऊन टेकडीवरून चालले होते, तर हा गृहस्थ अंगणातून असा ओरडला की माझा कुत्रा आठवडाभर त्या बाजूला फिरकला नाही.

वादळ आलं की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि क्लेम फावडं घेऊन बाहेर पडायचा. वादळी लाटा किनारा ओरबाडतात, वाळू आत नेऊन पाण्याखाली तिचा ढीग घालतात. समुद्र निवला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. आमच्या इथे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे 'येईल परत' म्हणून आम्ही चहा प्यायचो. क्लेमला मात्र तेवढाही धीर नसायचा. त्याची बायको डल्सी म्हणायची, इतकी काळजी यानं माझी घेतली असती तर मी अजून तिशीतच असते.

शनिवारी त्याच्या मदतीला लॉइड यायचा. हा डल्सीचा धाकटा भाऊ. भावाबहिणीत चाळीसएक वर्षांचा अबोला होता. त्यांच्या वडिलांनी जाताना डल्सीला आपली छोटी हिरवी गाडी ठेवली आणि लॉइडला मासे धरायचे गळ. लॉइडनं गाडी मागितली, तिनं दिली नाही, आणि थोड्याच दिवसांत गाडी दारातून नाहीशी झाली. दुसरी किल्ली लॉइडकडे होती. डल्सीनं त्याला चोर ठरवून टाकलं. तेव्हापासून ख्रिसमसच्या जेवणाला त्याचं ताट नाही, आणि तिनंही पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

बिचारा लॉइड टेकडीवर गवत लावून मेहुण्यामार्फत बहिणीची मर्जी मिळवायला बघायचा. क्लेम त्याच्याशी फार गोड वागायचा, डब्यातलं अर्धं सँडविच काढून द्यायचा. आम्हाला वाटायचं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

गेल्या हिवाळ्यात गावानं क्लेमचा सत्कार ठरवला. टेकडीपाशी त्याच्या नावाची पितळी पाटी लावायची, मग सॉसेज भाजायचे, असा बेत होता. नेमकं त्याच आठवड्यात वादळ आलं, तेही मोठ्या भरतीला. टेकडीची पुढची बाजू सुरीनं कापलेल्या केकसारखी उभी तुटली. किनाऱ्यावर उतरायच्या पायऱ्या हवेत लोंबायला लागल्या. क्लेम फावडं घेऊन लाटांच्या अंगावर धावला. मी आणि लॉइडनं त्याला दोन्ही दंडांना धरून घरी आणलं. केवढं हे वाळूवेड, असं मी लॉइडला म्हटलंसुद्धा.

रविवारी छान ऊन पडलं. सगळं गाव चांगले कपडे घालून टेकडीपाशी जमलं. समोरच्या उभ्या कड्यातून जुन्या गाड्यांचे गंजके सांगाडे डोकावत होते. त्यात नवल नव्हतं. फार पूर्वीच्या एका वादळानंतर समुद्र अडवायला गावानंच भंगारातल्या गाड्या तिथे पुरल्या होत्या. तेव्हा आम्हाला ती मोठी अक्कल वाटली होती. पण अगदी टोकाच्या गाडीला दारावर थोडा हिरवा रंग शिल्लक होता, आणि तिच्या नाकावर एक पितळी मासा होता. तसा मासा डल्सीच्या वडिलांनी स्वतः घडवून आपल्या गाडीवर बसवला होता. जगात तसा दुसरा नव्हता.

डल्सी काठी टेकत गेली आणि तिनं माशावरून बोट फिरवलं.

"क्लेम, ही बाबांची गाडी आहे."

क्लेमच्या तोंडचं पाणी पळालं. "मासे धरायला नेली होती, किनाऱ्यावरून. तुला न विचारता. वाळूत रुतली आणि भरती आली."

"म्हणून पुरलीस?"

"त्या आठवड्यात सगळेच पुरत होते, गं."

कोणी हसलं नाही. पाटी धरून उभ्या असलेल्या सत्कार समितीच्या अध्यक्षांना ती कुठे ठेवावी ते कळेना. डल्सीनं नवऱ्याकडे पाठ फिरवली आणि ती लॉइडसमोर जाऊन उभी राहिली.

"तू दर शनिवारी इथेच गवत लावायचास?" तिनं विचारलं.

"नेमकं इथेच. क्लेम म्हणायचा, इथे जरा दाट लाव."

डल्सीला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. क्लेमचं फावडं त्याच्याच डोक्यात घालावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. पण लॉइडला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता त्यानं बहिणीला जवळ घेतलं. सॉसेज भाजले गेलेच. क्लेमला कोणी दिला नाही.

पाटी अध्यक्षांच्या गॅरेजात पडून आहे. ख्रिसमसला लॉइडचं ताट मांडलं गेलं, डल्सीच्या शेजारीच. तोवर समुद्र निवला होता, नेलेली वाळू परत येत होती, आणि गाडी खिडक्यांपर्यंत बुजली होती. क्लेमचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. डल्सीनं बजावलं की तो मासा तिला रोज फिरायला गेल्यावर दिसला पाहिजे.

तेव्हापासून क्लेम शनिवारी फावडं घेऊन जातो आणि गाडीवरची वाळू उपसतो. समुद्र ती आठवडाभरात पुन्हा आणून टाकतो. बाजूला घडीच्या खुर्चीवर लॉइड बिअर घेऊन बसलेला असतो, मांडीवर क्लेमच्या डब्यातलं सबंध सँडविच. डल्सी आली की तो उठून तिला खुर्ची देतो, आणि क्लेमला बोटानं दाखवतो.

"इथे जरा दाट बसलीये बघ, क्लेम."