निळ्या रेघांचं कापड

फोन आला तेव्हा मी तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये होते. साताऱ्याहून मालनताईंचा, वन्संच्या शेजारणीचा. एरवी त्या आधी बागेची चौकशी करतात, मग माझ्या गुडघ्यांची, आणि मग कामाचं बोलतात. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. "वैनी, बाळूदादास्नी खाली बसवा आन् मग फोन द्या त्यांच्याकडं," एवढंच म्हणाल्या. मी यांना बसवलं नाही की फोन दिला नाही. शेडच्या बाहेर येऊन मीच काय ते विचारून घेतलं. वन्सं गेल्या होत्या. सकाळी दार उघडेना म्हणून मालनताई त्यांच्याकडच्या किल्लीनं आत शिरल्या, तर वन्सं जमिनीवर अंथरलेल्या वाकळेवर ओणव्या झालेल्या, कपाळ कापडाला टेकलेलं. "मला वाटलं, दातानं दोरा तोडत्यात. म्हणून मी जरा थांबले बी..." मालनताईंचं हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, विजया. घरात सगळे त्यांना आक्का म्हणत. साताऱ्यात मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर वाकळा शिवायला घेतल्या. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा बाकीच्या बायका माझे दागिने न्याहाळत होत्या आणि या माझ्या शालूचा पदर चिमटीत धरून उजेडाकडे करून बघत होत्या. "हा विटला की दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, मला हवाय," म्हणाल्या. नव्या नवरीला असं कोण म्हणतं? पण वन्सं म्हणायच्या. पुढे त्या तासगावला आल्या की मी गमतीनं कपाटाला कुलूप लावायची, आणि त्या गमतीनं किल्ली शोधायच्या. आमचं पटायचं ते अशा भांडणांवरच. त्या रंगांच्या आणि मी गणिताची मास्तरीण. मांजर आडवं गेलं तर मांजराला घाई असेल असं म्हणणारी मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते माझ्या तोंडी शोभत नाही.

त्यांच्या वाकळा अंगावर घ्यायच्या नव्हत्या, भिंतीवर लावायच्या होत्या. जुन्या साड्यांचे थर घालायचे, वर कापडाचे तुकडे मांडायचे आणि साध्या धावदोऱ्यानं सगळं एकजीव करायचं, ही रीत त्यांच्या आईचीच. पण आईची वाकळ चौकटीत चौकट अशी असायची आणि वन्संच्या वाकळेत कडेगावच्या माळावरचा दुष्काळ असायचा, कापून नेलेल्या उसाचं रान असायचं. पहिलं प्रदर्शन मांडलं तेव्हा आमच्याच भावकीतले लोक हसले. भिंतीला वाकळा टांगल्यात म्हणजे ढेकूण झाले असतील, असंही कुणी म्हणालं. नंतर मात्र पुण्या-मुंबईची माणसं मागणी घालायला लागली. सांगलीच्या एका डॉक्टरांनी तर त्यांच्या वाकळांसाठी घरात वेगळी खोली केली, पडदे कायम ओढलेले, रंग उडू नयेत म्हणून. त्यांच्याकडे गेलं की वन्सं सगळ्यांदेखत वाकळ उलटी करायच्या. वाकळ पाठीकडून बघायची असते, असं त्यांचं म्हणणं. पुढून दिसतं ते काय दाखवायचं होतं ते, आणि पाठीवर दिसतं हात कुठे अडला, कुठे उसवलं, कुठे भ्याला. मी पाठ बघायला शिकले ती तिथेच.

मग त्यांच्याकडे वारलेल्या माणसांचे कपडे यायला लागले. आमच्या भागात घरटी एकजण फौजेत. मुलाची वर्दी ट्रंकेत तशीच ठेवायचीही होत नाही आणि देऊन टाकायचीही होत नाही, अशा आया गाठोडं घेऊन यायच्या. वन्सं त्यांना चहा द्यायच्या, कपडा उलगडायच्या, आणि एकच प्रश्न विचारायच्या... यात घरातल्या दुसऱ्या कुणाचं काही नाही ना? हा नियम त्यांच्या आईचा. माझ्या सासूबाई वाकळ शिवताना बजावायच्या, "मेलेल्याच्या वाकळंत जित्याचं कापड घालू न्हाई. ती हाक मारती." वन्संनी आधी हा नियम नुसता रीत म्हणून पाळला. मग मलकापूरची एक बाई आली. नवरा गेलेला, त्याचे सदरे घेऊन आलेली. वाकळ झाली, बाई घेऊन गेली, आणि महिना-दोन महिन्यांत तीही गेली. तिची सून सांगायला आली तेव्हा सहज बोलून गेली की सासूबाईंनी सदऱ्यांच्या गाठोड्यात आपल्या चोळीचा तुकडा गुपचूप सारला होता, मालकांच्या शेजारी राहावं म्हणून. मी म्हटलं, वन्सं, ती बाई आधीच आजारी असणार, चौकशी करा हवी तर. त्यांनी चौकशी केली. बाई ठणठणीत होती. त्यानंतर वन्सं प्रत्येक तुकडा हातात घेऊन कुणाचा, कुणाचा असं विचारायला लागल्या, आणि मला ते ऐकताना चीड यायची. चीड यायची असं मी तेव्हा म्हणायची. खरं तर बरं वाटत नसे.

स्वतःच्या घरची वाकळ मात्र त्या कित्येक वर्षं टाळत होत्या. वडील गेले, आई गेली, मधल्या काळात फौजेतले थोरले भाऊजीही गेले. आता मागे उरलेली भावंडं दोनच, त्या आणि आमचे हे. अखेर यंदा त्यांनी ती वाकळ घेतली. संक्रांतीनंतर आम्ही साताऱ्याला गेलो तेव्हा ती खोलीभर पसरलेली होती. मामंजींच्या काळ्या कोटाचं जळून गेलेलं उसाचं रान, भाऊजींच्या वर्दीचा बांध, सासूबाईंच्या इरकलीचा तांबडा जाळ, आणि वर धुरातून डोकावणारे आभाळाचे दोन तुकडे, निळ्या रेघांच्या कापडाचे. आम्ही दोघं उंबऱ्यातच थांबलो. इतकी सुंदर वाकळ मी त्यांच्या हातून पाहिली नव्हती आणि तिच्याकडे फार वेळ बघवतही नव्हतं. निळं कापड मामंजींच्या सदऱ्याचं, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंनी जुने कपडे उसवून, धुऊन, सपाट करून एक गाठोडं बांधून ठेवलं होतं, त्यात ते मिळालं होतं.

हे वाकळेजवळ उकिडवे बसले, त्या निळ्यावरून बोट फिरवलं आणि हसले. "आक्का, आगं ह्यो तागा न्हवं का? दिवाळीला आबांनी अख्खा तागाच आणला हुता. त्यास्नी, दादाला आन् मला सदरं, आन् उरल्यालं तुला झगा. समदी एका रंगाची म्हणून शाळंत पोरं बँडपार्टी म्हणायची."

वन्सं हसल्या नाहीत. हातातली सुई त्यांनी पदराला टोचली आणि त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिल्या. एकाच ताग्यातले चार कपडे, उसवून सपाट केलेले. त्यातले दोघं गेलेले आणि दोघं त्या खोलीत बसलेले. सासूबाईंनी गाठोडं बांधलं तेव्हा चौघंही हिंडतीफिरती होती, त्यांना वेगळं ठेवायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, काढून टाका की वन्सं, दुसरं निळं काय मिळत नाही? हे म्हणाले, काढू नको, आभाळच जाईल. त्या म्हणाल्या, "बघते." मग जेवायला वाढलं. जेवताना त्या यांच्या ताटाकडे बघत होत्या, पोळी किती खातो, भात किती घेतो... निघताना त्यांनी यांच्या पाठीवरून हात फिरवला. या बहीणभावांत असलं काही नव्हतं. गाडीत हे म्हणाले, आक्का आता म्हातारी झाली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

दिवस झाल्यावर ती वाकळ आम्ही तासगावला आणली. सुई तिच्यातच होती, लोंबत्या दोऱ्याला. मी ती पाठीकडून उघडली, वन्संनीच शिकवल्याप्रमाणे. सगळीकडे त्यांचा तोच एकसारखा धावदोरा. फक्त वरच्या निळ्या तुकड्याभोवती टाके नव्हते, नुसती भोकं होती. तीन बाजू उसवलेल्या, चौथी तशीच. मी पुढून तो तुकडा उचलला. आत मुडपलेल्या कडेला शाईचा डाग होता, फिकट, आणि त्याच्याभोवती खिशाच्या शिलाईची चौकोनी खूण. शाळेत यांचं पेन कायम गळायचं, ही गोष्ट सासूबाई मला कितीदा सांगायच्या. दुसरा तुकडा खाली होता, त्याला हातही लावलेला नव्हता. मी बोटानं त्याची कड उलगडून पाहिली. चुण्यांच्या बारीक खुणा होत्या, ओळीनं. सदऱ्याला चुण्या नसतात. तो त्यांचा झगा होता.

म्हणजे त्यांनी दोन्ही तुकडे ओळखले होते. आणि उसवायला बसल्या तेव्हा आधी धाकट्या भावाचा घेतला.

मी स्वतःला सांगितलं की सत्तरी ओलांडलेलं माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या विसरणारं, ओणवं बसून तासन्‌तास काम करणारं... यात हाक कसली? सांगलीच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांना वाकळ हवी होती, जशीच्या तशी, लोंबत्या सुईसकट. मी बघते म्हटलं, आणि तो वन्संचाच शब्द आहे हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. यांनी तर साफ सांगितलं की वाकळ घराबाहेर जायची नाही आणि तिला कुणी कात्री लावायची नाही, आक्काचा शेवटचा हात लागलाय. त्याच सुमारास यांना थंडी वाजायला लागली. भर उन्हाळ्यात, द्राक्षाच्या बागेत माणसं छत्र्या घेऊन फिरतात त्या उन्हात, यांना अंगावर पांघरूण लागायचं. मिरजेला दाखवलं. छातीचे फोटो झाले, हृदयाची पट्टी निघाली, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली. डॉक्टर काळजीचं काही बोलले नाहीत आणि हसलेही नाहीत. आणि यांनी पांघरायला ती वाकळ घ्यायला सुरुवात केली. दुपारी जेवून आडवे झाले की ती छातीपर्यंत ओढून घ्यायचे. आक्काचा वास येतो म्हणायचे. तो निळा तुकडा बरोबर गळ्याशी यायचा, एका बाजूनं धरलेला.

परवाच्या दुपारी मी भांडी आवरून आले तेव्हा हे गाढ झोपले होते. मी चष्मा लावला, वन्संची शिवणाची कात्री घेतली आणि त्यांच्या उशाशी बसले. जन्मभर पोरांना कार्यकारणभाव शिकवला आणि आता नवऱ्याच्या गळ्याशी बसून चोरट्या हातानं टाके कापत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मधे एकदा तो लांबला तेव्हा माझा हात थांबला. वन्सं टाका फार बारीक घालायच्या. मला त्यांचा राग आला, रडूही आलं. इतकं नेटकं कशाला शिवायचं माणसानं? शेवटचा टाका उरला तेव्हा यांचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते. "आलो," म्हणाले. मग थोड्या वेळानं, लहान मुलानं अंगणातून ओरडावं तसं, "आलो गं, थांब की."

मी कात्री चालवली. तुकडा माझ्या हातात आला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "कुनी हाक मारली गं?"

"मीच मारली," मी म्हटलं.

वाकळ आता वन्संच्या ट्रंकेत आहे. आभाळात एक चौकोन रिकामा आहे आणि दुसऱ्यात त्या स्वतः आहेत, आईवडील आणि थोरल्या भावाबरोबर; तो मी काढणार नाही. शाईच्या डागाचा तुकडा माझ्या कपाटात आहे, माझ्या रोजच्या साड्यांच्या घडीत. मिरजेची तारीख अजून यायची आहे. तोवर दुपारी हे झोपले की मी स्वयंपाकघरातून त्यांना हाक मारते, काही काम नसताना. ते वैतागून "काय गं?" म्हणतात. मी काही नाही म्हणते. वन्संच्या आधी माझी हाक पोचली पाहिजे, एवढंच.