जाळीखालची माती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलीपाशी नाही, पारावरच्या दोस्तांपाशी नाही — आणि बायको तर त्याआधीच गेलेली. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मिलिटरीतून पेन्शनीवर येऊन मी कुंडलच्या मळ्यात एकटाच राहत होतो. मधे शेराच्या झुडपांचं कुंपण, पलीकडे शांतावहिनींचं घर. त्यांचा नवरा माझा लहानपणचा सोबती, तोही वारलेला. म्हणजे दोन घरं, दोन चुली आणि दोनच माणसं. पण विधुरानं विधवा बाईच्या अंगणात उगाच जाऊन बसायचं नसतं. काही काम असेल तर गोष्ट वेगळी.

काम दिलं ते रानमांजरानं. वहिनींच्या परसातल्या खुराड्यात गावठी कोंबड्या होत्या, आणि नातवासाठी आणलेली पांढऱ्या सशांची जोडी. मुलगा शिरवळच्या कारखान्यात. तो दर खेपेला म्हणायचा, आई, तिकडं चल. वहिनींचं उत्तर ठरलेलं — "ह्या जित्राबांकडं कोण बगंल?" दुसरी सबब त्यांच्याकडं नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं. तेवढं ध्यानात ठेवा.

रानमांजरानं एक कोंबडी नेली आणि कुंपणावरून हाक आली. मी पलूसहून जाळी आणून खुराड्याला ठोकली. खालचा पदर मातीत पुरून बाहेरच्या अंगाला वळवला. उकरणारं जनावर त्या पुरलेल्या जाळीवरच नखं घासत बसतं आणि कंटाळून जातं. एका दिवसाचं काम मी आठवडाभर पुरवलं. रोज चहा व्हायचा. वहिनी माझ्या सोबत्याच्या खोड्या सांगायच्या, मी फौजेतल्या थापा मारायचो. बायको गेल्यापासून इतका हसलो नव्हतो.

मग काम संपलं. रानमांजर फिरकेना — आणि हाकही येईना. दिवेलागणीला वहिनी कोंबड्यांना बोलवायच्या, ते ऐकत मी ओसरीवर बसायचो. सरहद्दीवर एकट्यानं पहारा दिलेला गडी मी, आणि कोंबड्यांना घातलेली हाक ऐकून उठून कुंपणाशी जाऊन उभा राहायचो. हसू येतंय ना? मलाही यायचं.

म्हणून मी काय केलं — सांगतो, सांगतोच आता. वहिनी दुपारी शेतात तण भांगलायला गेल्या होत्या. मी खुरपं घेऊन पलीकडे गेलो आणि खुराड्यामागची माती उकरली. नखांचे ओरखडे वाटावेत अशी. बोटं टेकवून पंजेसुद्धा उठवले. पन्नाशी उलटलेला माणूस उकिडवा बसून मांजराचे पाय काढतोय!

संध्याकाळी हाक आली. "आवं भावजी, पुन्यांदा उकरलंय बगा."

मी गेलो. माती दाबली, चहा प्यालो, गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, लक्ष ठेवायला हवं. काही दिवसांनी पुन्हा तेच. पावसाळाभर तेच. वहिनी बिचाऱ्या धास्तावलेल्या, आणि मी? मी खूश होतो. दुसरा शब्द नाही.

मग वरवरच्या ओरखड्यांनी भागेना. एक दिवस मी पुरलेला पदरच उचकटून वर काढला. वहिनींनी तो पाहिला, मला दाखवला. तिथंच बसून पुन्हा पुरला असता, तर किती वेळ लागला असता? पण तसा पुरला की काम संपणार. उद्याचा चहा राखायचा होता ना मला. म्हणालो, अंधार पडतोय, उद्या बघतो.

"राती काय व्हायचं न्हाई न्हवं?"

काही होत नाही, वहिनी, एवढ्या फटीतून मांजर शिरत नाही, दार तेवढं घट्ट लावा — मी म्हणालो. त्यांनी आपल्या समाधानासाठी दाराला एक मोठा दगड लावला.

सकाळी हाक आली नाही, रडणं ऐकू आलं. दोन्ही ससे फाडलेले. खुराड्यात नुसती पिसं. एक कोंबडी तेवढी आदल्या संध्याकाळी आत न येता शेवग्यावर बसली म्हणून वाचलेली. वहिनी घराच्या दारातच बसल्या होत्या. "दगूड मीच नीट लावला न्हाई, भावजी. माज्याच हातानं झालं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी ससे पुरायला खड्डा खणला. खणता खणता जाळीचा तो पदरही हळूच मातीखाली ढकलला — हो, तेही केलं.

मग मुलगा आला. या खेपेला वहिनींकडं सबब उरली नव्हती. जाताना त्यांनी ती उरलेली कोंबडी माझ्या हातात दिली. "तुमच्याइतकं राखणारं दुसरं कोण हाय?" मी घेतली.

पुढं त्या कधी गावच्या लग्नाला आल्या की माझ्यापाशी तोच विषय काढायच्या. दगूड नीट बसला न्हवता. मी म्हणायचो, जाऊ द्या वहिनी, होतं एखाद्याच्या हातून. एखाद्याच्या! असं म्हणायला माझी जीभ कशी धजली? शिरवळलाच त्या वारल्या. मरेपर्यंत तो दगड त्यांच्या डोक्यातून गेला नाही, असं मुलानं सांगितलं.

त्या सकाळी मी खुराड्याच्या दाराशी गेलो होतो, वहिनी. दगड जागच्या जागी होता.