पुलियाच्या अलीकडे दिलेला हात

शाळा मी चौथीत सोडली. पण ट्रक कसा चालवायचा हे मला कोणी शिकवू नये, एवढं मी आजही तोंडावर सांगतो. आमचे मालक नवा ड्रायव्हर ठेवला की आधी माझ्या बाजूला बसवायचे. मी त्याला सांगायचो, समोरच्या गाडीला चिकटू नको, तिच्या पुढचा रस्ता दिसला पाहिजे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेक तापवू नको. आणि मागच्याला हात देशील तर समोर नीट पाहूनच दे. त्याला ट्रकच्या आडून काही दिसत नाही, तो तुझ्या हाताच्या भरवशावर निघतो.

तेव्हा इंडिकेटर असून नसल्यासारखेच. उजवा हात खिडकीबाहेर काढून पुढे हलवला की मागच्यानं समजायचं, रस्ता मोकळा आहे, जा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. भरलेला ट्रक घेऊन अमरावती रोडनं निघालो होतो. शहराबाहेरचं वाडी गाव मागे पडलं होतं. उतरतं ऊन सरळ डोळ्यांत. मागे एक स्कूटर, नवरा-बायको, आणि त्याचा हॉर्न काही थांबेना. पुढे नाल्यावर अरुंद पुलिया होती, म्हणून मी साइड देत नव्हतो. पण हॉर्न ऐकून ऐकून डोकं फिरलं. आरशात त्याच्याकडे रागानं बघत मी हात बाहेर काढला आणि हलवला. जा बाबा एकदाचा. समोर पाहिलंच नाही.

समोरून कडब्याची बैलगाडी पुलियावर चढत होती.

स्कूटरवाल्यानं ब्रेक मारला, स्कूटर रस्त्याकडेच्या कच्च्यात घसरली. त्याला खरचटलं. बाईचं मनगट मोडलं. मी ट्रक थांबवून धावलो. जवळच्या चहाच्या टपरीवरची माणसं जमली. तो माणूस कपडे झटकत बायकोवरच ओरडत होता, "माह्या डोळ्यांत ऊन होतं. तूच म्हणाली ना, हात दिला, चला म्हणून!"

"दिला होता," ती मनगट धरून म्हणाली. "मी पाहिला."

टपरीवाल्यानं मला विचारलं, "काय उस्ताद, हात दिला होता का गा तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पुलियाजवळ कोणता ड्रायव्हर हात देते? मी नवा आहो का?"

सगळ्यांना पटलं. नवऱ्यालाही. "पाह्य, ऐकलं?" तो तिला म्हणाला. "तू चूप बस वं आता."

ती रडली नाही. फक्त तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला अजून सोसत नाही.

स्कूटर मागे मालावर चढवली, दोघांना केबिनमध्ये घेतलं आणि ट्रक परत फिरवला. दवाखाना केला. मग प्रताप नगरात त्यांच्या घरी सोडलं. वाटेत नवरा दहादा म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, तुम्ही देवमाणूस.

काही दिवसांनी मालकांनी नवा ड्रायव्हर बसवला. मी त्याला नेहमीचं सांगायला लागलो आणि हात देण्याच्या गोष्टीवर येऊन जीभच अडली. तो म्हणाला, "पुढं सांगा ना उस्ताद." मी म्हटलं, रस्त्याकडे बघ.

त्याच रविवारी प्रताप नगरात गेलो. बाईनं दार उघडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी उंबऱ्यावरच म्हटलं, "बाई, हात मी दिला होता."

"मले काहून सांगता?" ती म्हणाली. "मले माहीत आहे. यायले सांगा, माह्या नवऱ्याले. रोज ऐकून राहिली मी, तुह्या बोलण्यानं गेलो म्हणून."

नवरा बाजारातून आला. मी उभा राहून त्याला सांगितलं, चूक माझी, हात मी दिला, बाई खरं बोलत होत्या.

तो हसायला लागला. पिशवी ठेवून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिचं मन राखायले आले, समजलं मले. मोठ्या मनाचे आहा तुम्ही. पण पुलियाजवळ कोणी हात देते का, तुम्हीच तर म्हणाले! बसा, चहा घ्या. चहा ठेव वं."

बाई आत गेली. एका हातानं भांडी काढल्याचा आवाज येत होता.

टायरच्या हवेवरून मी चौकात तासभर भांडलेलो माणूस आहे. त्या दिवशी मला त्याची कॉलर धरून सांगता आलं असतं, देवाची शपथ घेता आली असती. पण तो मला मोठा म्हणत होता, आणि ते कानाला गोड लागत होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

तिनं एका हातानं कप आणून दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहा प्यालो, बरा झालाय म्हटलं, आणि निघालो.