नव्या टायरवरचे केस

वडील गेले तो सोमवार होता. ते जेवले, हात धुतले आणि खुर्चीत बसले. आईने ताक आणून ठेवलं. ते त्यांनी प्यायलं नाही.

त्यांची मोटरसायकल जिन्याखाली उभी होती. तिच्यासाठी आणलेले दोन नवे टायर, कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले, गॅलरीच्या कोपऱ्यात होते. श्रावण चालू होता. भेटायला येणारे लोक त्या टायरांना ओल्या छत्र्या टेकवून आत येत, आणि जाताना उचलून नेत. कागद भिजून सुटला तेव्हा आईने तो सोलून काढला आणि टायर आत, पलंगाखाली सरकवले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहत होतो. आईची एकुलती एक बहीण, माझी मावशी, गोरेगावला होती. संधिवाताने तिला खाटेवरून उठता येत नव्हतं, त्यामुळे ती वडिलांच्या वेळी येऊ शकली नव्हती. आम्ही तिकडे रेल्वेने जायचं म्हटलं तर दादरला उतरून जिने चढावे लागत, आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपत नसे. रिक्षाने एवढं लांब जाणं आमच्या घरात कुणाच्या मनातही येत नसे. म्हणून अधूनमधून एखाद्या रविवारी वडील आईला गाडीवर मागे बसवून पवईवरून, आरेतल्या रस्त्याने घेऊन जात. आता रविवार येत होते आणि जात होते. आई सकाळी जास्तीच्या वड्या थापायची आणि संध्याकाळी त्या शेजाऱ्यांना वाटून टाकायची. ‘मला बहिणीकडे जायचंय’ असं ती एकदाही म्हणाली नाही.

मी कॉलेजात शिकवत होतो. गाडी चालवायला वडिलांनी शिकवलं होतं, पण मी ती घाबरत घाबरतच चालवायचो. भाद्रपदात घाटकोपरचा मामा आला. त्याने जिन्याखाली जाऊन जुने टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि वर येऊन म्हणाला, “ताई, ते पलंगाखालचं अंडं उबवायला ठेवलंयस काय? काढ बाहेर.”

आम्ही दोघांनी ते खालच्या फरशीवर बसवले. चाक आडवं टाकायचं, रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं, लोखंडी पट्टीने टायरची कड थोडी थोडी आत घ्यायची. ट्यूबला पावडर चोळायची म्हणून आईने वडिलांचा अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणून दिला. मी तो हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मामाने तो काढून घेतला आणि म्हणाला, “अरे प्राध्यापक, वास नको घेऊस. शिंपड.”

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. साच्यातून निघताना राहिलेले. टायरही वरून तुळतुळीत असतो आणि रस्त्यावर घासून थोडा खडबडीत होईपर्यंत नीट पकड धरत नाही. म्हणून वडिलांचा नियम होता की ते केस झडेपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही. तोवर ते एकटेच हळूहळू फेऱ्या मारत. दर संध्याकाळी आई खाली उतरून टायरवर बोट फिरवून बघायची, आणि तिने हो म्हटलं की पुढच्या रविवारी गोरेगाव. हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी गाडी उभी झाल्यावर आईने मामासमोर, माझ्याकडे न बघता म्हटलं, “केस गेले की सांग मला,” तेव्हा ती काय मागते आहे हे समजायला मला एक क्षण लागला.

मी कॉलेजातून आलो की कॉलनीच्या रस्त्याने चेकनाक्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. ब्रेक अलगद, वळण मोठं. आई पदर खोचून, चष्मा लावून तपासायची.

“मधले गेले. कडेचे जसेच्या तसे आहेत.”

“कडेचे जायला गाडी तिरकी करावी लागते, आई.”

“मग कर की. ती काय तुझ्यासारखी पुस्तक वाचत बसणार आहे?”

मी हळूहळू तिरकी करायला शिकलो.

मग दसरा आला. वडिलांचं वर्ष व्हायचं होतं. त्या वर्षात सण करायचा नाही, त्यामुळे गाडीला हार नाही, हळदकुंकू नाही, नारळ नाही. खाली सगळ्यांच्या स्कूटर झेंडूने भरलेल्या आणि आमची एकटी कोरडी. आईला ते पाहवलं नाही. पूजा करता येत नव्हती, पण पुसायला कोण नको म्हणणार होतं? पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून वडील चाकाच्या तारांवरून खोबरेल तेलाचं फडकं फिरवत. ते तिने पाहिलेलं होतं. पहाटे उठून तिने सगळी गाडी तशीच पुसली, आणि टायरही. नवे, काळेभोर दिसले म्हणून पुन्हा एकदा पुसले.

सकाळी मी गाडी बाहेर काढली आणि फाटकाच्या वळणावरच ती माझ्याखालून निसटली. कोपर सोललं, एवढंच. आई गॅलरीत उभी होती. ती एवढ्या झटपट जिना कशी उतरली कोण जाणे. टायरवर हात फिरवून तिने बोटं नाकाशी नेली, आणि तिथेच पायरीवर बसली.

“मीच पाडलं तुला,” ती म्हणाली. नंतर म्हणाली, “विकून टाक ही. मला नाही जायचं कुठे.”

दुपारी मामा सोनं द्यायला आला, आणि घरात सण नाही हे आठवून आपट्याची पानं खिशातच ठेवून बसला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“ताई, तू टायरांना अभ्यंगस्नान घातलंस, दिवाळीच्या आधीच.”

“चेष्टा करू नकोस रे. हात मोडला असता पोराचा.”

“मोडला नाही ना? तेल लावलंस तसं काढ आता. भांड्यांचा सोडा आण आणि ब्रश.”

आईने कुणालाही हात लावू दिला नाही. गुडघे दुखत असताना पाटावर बसून तिने दोन्ही टायर गरम पाण्याने, सोड्याने घासले. एकेक खाच घासली. मग मामा माझ्या मागे बसला. “माझं वजन बघ, हे तुझ्या आयशीच्या दुप्पट आहे, मी पडलो नाही तर ती काय पडते,” असं ओरडून सांगत तो माझ्यासोबत चेकनाक्यापर्यंत आला आणि परतला. आई फाटकात उभी होती. परत आल्यावर तिने आधी टायर पाहिले, कडेने बोट फिरवून. मग मला म्हणाली, “रविवारी लवकर उठ.”

रविवारी ती मागे बसली. पवईपर्यंत तिने सीटखालची दांडी धरून ठेवली होती. तलाव मागे पडला, आरेतली झाडं सुरू झाली, रस्ता वळू लागला. एका वळणावर तिने दांडी सोडली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. मावशीच्या दारापर्यंत तो तिथेच होता. आत जाऊन ती मावशीच्या खाटेच्या कडेला बसली. मी बाहेर ओट्यावर बसून होतो.

आता आई नाही, मावशी नाही, मामाही नाही. गाडी कधीच विकली. वडिलांचा आवाज मला आठवेनासा झाला आहे. आईच्या हाताचं वजन आठवतं, उजव्या खांद्यावर.