ओझोनच्या तेलाची चौकशी

शेणव्याच्या बाजूच्या पाड्यावरची ती केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात गावचे आरोग्याचे काम बघणाऱ्या आशाताई आल्या. बसल्याही नाहीत.

"सायब, पाड्यावरच्या एका म्हातारीचा पाय काळा पडत चाललाय. साखर हाय तिला. तेलवाले गुरुजी बोलले गोळ्या सोड, तिनं सोडल्या. आमी सांगून थकलो, ऐकत नाय."

म्हातारीला दवाखान्यात न्यायला गाडी दिली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि औषध निरीक्षकांना फोन लावला.

गुरुजी म्हणजे मुरबाडकडच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक; जखमांवर ओझोनचे तेल लावून उपचार करायचे. दुपारी निरीक्षक आणि दोन पंच घेऊन त्यांच्या घरी गेलो. पडवीत यंत्र चालू होते. त्यातून निघालेली नळी बरणीतल्या तिळाच्या तेलात सोडलेली. बुडबुडे फुटत होते, उग्र वास नाकात जात होता. तासन्‌तास ओझोन सोडला की तेल लोण्यासारखे घट्ट होते, असे त्यांनी मला वर्गात शिकवावे तसे समजावले.

"गोळ्या सोडा असं मी कोणालाही म्हटलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले. लबाड माणूस फार बोलतो. हे मोजकेच बोलत होते. तक्रार खरी का, अशी मलाच शंका येऊ लागली.

तयार तेल फ्रिजमध्ये होते. पंचांसमोर बाटल्या जप्त करताना मागे इन्सुलिनची पेने सापडली.

"ही कोणाची, गुरुजी?"

"माझी."

"आणि तिला गोळ्या सोडायला लावल्यात?"

ते खाली बसले. "तेलावर माझा विश्वास आहे हो. तिची जखम सुकत होती. वाटलं, नुसत्या तेलानं भागेल. स्वतःवर करून बघायचा धीर मात्र झाला नाही."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण पेने पंचनाम्यात आली.

म्हातारी वाचली, पाऊल मात्र गेले. जबाब घ्यायला गेलो, तर ती म्हणाली, "मला त्यांच्यावर केस नाय करायची."

"का, आजी?"

"पायाला वास यायला लागला तवा सून पण लांब बसायची. दवाखान्यात लांबूनच गोळ्या द्यायचे. गुरुजींनी रोज पाय मांडीवर घेऊन धुतला, सायब."

तिचे बोलणे जसेच्या तसे लिहून घेतले. आरोपपत्रही दाखल केले, त्यात कसूर केली नाही. पण त्यानंतर अशी तक्रार आली, तर फसलेल्या माणसाला मी आधी विचारत असे, "याच्याकडे जाण्याआधी कुठे कुठे गेला होतात? तिथे तुमच्याशी कसे वागले?" हा प्रश्न जबाबाच्या कुठल्याही नमुन्यात छापलेला नव्हता.